पेटी कोणाच्या हातात?

दर चार वर्षांनी अमेरिकेत अध्यक्षपदाची निवडणूक आली की आपल्याकडच्या वर्तमानपत्रांना आणि वाहिन्यांना उधाण येते. कोण जिंकणार, कोण हरणार, कोणाला किती देणगी मिळाली, यावर रकानेच्या रकाने भरतात. पण तेथे निवडणूक घेते कोण, मतदारयादी करते कोण, मतदारसंघाच्या सीमा आखते कोण आणि मोजणीवरून वाद झाला तर निकाल देते कोण, हे सहसा कोणी सांगत नाही. आमच्या मते अमेरिकन लोकशाहीचे सारे मर्म या चार प्रश्नांत दडलेले आहे. ते मर्म पुस्तकी भाषेत सांगण्यापेक्षा आम्ही आज एका माणसाचे आयुष्य वाचकांपुढे ठेवतो. गुलाम म्हणून जन्मलेला हा माणूस पाच वेळा अमेरिकेच्या संसदेत बसला आणि मरण्याआधी आपल्याच लोकांचा मताधिकार डोळ्यांदेखत हिरावला जाताना त्याला पाहावा लागला. त्याचे नाव रॉबर्ट स्मॉल्स.

५ एप्रिल १८३९ रोजी दक्षिण कॅरोलिना राज्यातील ब्यूफर्ट या समुद्रकाठच्या गावी, मालकाच्या घरामागील खोपटात रॉबर्टचा जन्म झाला. आई लिडिया ही मालकाच्या घरात राबणारी गुलाम. कायदा असा की, आई गुलाम तर मूल गुलाम. बाप कोणीही असो. त्यामुळे मालकवर्गातील पुरुषापासून झालेले लेकरूही त्याच मालकाच्या दावणीला बांधले जाई. बाराव्या वर्षी रॉबर्टला चार्ल्सटन शहरात मजुरीवर पाठवले गेले. हॉटेलात वाढपी, रस्त्यावरचे दिवे लावणारा, गोदीतला हमाल, शिडे शिवणारा अशी कामे करत तो बोटीच्या सुकाणूपर्यंत पोहोचला. घाम त्याचा आणि मजुरी मालकाची, असा तो व्यवहार. आठवड्याला जेमतेम एक डॉलर त्याच्या हाती पडे. १८५६ मध्ये त्याने हॅना या हॉटेलात काम करणाऱ्या गुलाम स्त्रीशी लग्न केले. पुढे बायको आणि लेक यांना विकत घेऊन मुक्त करावे म्हणून तो त्यांच्या मालकाकडे गेला. मालकाने आठशे डॉलर सांगितले. रॉबर्टच्या गाठीला होते शंभर.

ज्या देशाने स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात सर्व माणसे समान असल्याचे लिहिले, त्या देशात हा बाजार कसा चालत होता? तो नुसत्या चाबकावर चालत नव्हता, राज्यघटनेवरही चालत होता. १७८७ च्या अमेरिकन घटनेने प्रतिनिधिगृहातील जागा लोकसंख्येवर ठरवल्या आणि ती मोजताना पाच गुलामांची तीन माणसे धरली. गुलामांना मत नव्हते, पण त्यांच्या डोक्यांवर मालकांना जादा जागा मिळत. अध्यक्ष निवडणारी निर्वाचक मते या जागांवरच अवलंबून असल्याने मालकांचे वजन अध्यक्षाच्या निवडीतही वाढे. डोके गुलामाचे आणि मत मालकाचे, हा हिशेब वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढे तो पुन्हा येणार आहे.

१८६१ मध्ये दक्षिणेच्या गुलामधारी राज्यांनी फुटून यादवी युद्ध पेटवले. रॉबर्ट तेव्हा प्लँटर नावाच्या आगबोटीवर सुकाणू धरत होता. ही बोट दक्षिणेच्या सैन्यासाठी तोफा आणि दारूगोळा वाहत असे. चार्ल्सटन बंदराची खाचखळग्यांसह त्याला खडान्‌खडा माहिती होती, तरी पायलट हा किताब त्याला नव्हता, कारण तो काळ्याला देत नसत. १२ मे १८६२ च्या रात्री बोटीवरचे तिन्ही गोरे अधिकारी किनाऱ्यावर झोपायला गेले. पहाटे रॉबर्टने आणि त्याच्या गुलाम सोबत्यांनी बोट सुरू केली. ठरल्या ठिकाणी बायका-मुलांना घेतले. कप्तानाची गवती टोपी डोक्यावर घालून, त्याच्याच ढबीत उभे राहून, रॉबर्टने एकेका किल्ल्यापुढे शिट्टीचे नेमके इशारे दिले. सम्टर किल्ल्याच्या तोफांखालून बोट निघाली, पण पहारेकऱ्यांना शंका आली नाही. तोफांचा पल्ला ओलांडल्यावर हॅनाने हॉटेलातून आणलेली पांढरी चादर निशाण म्हणून चढवली गेली आणि बोट उत्तरेच्या आरमाराच्या स्वाधीन झाली. पकडले गेलो तर बायका-मुलांसह बोट बुडवून मरायचे, हे आधीच ठरले होते. काळ्या माणसाला स्वतःची अक्कल नसते, या गोऱ्यांच्या सिद्धान्ताला तेवीस वर्षांच्या एका निरक्षर गुलामाने एका रात्रीत सुरुंग लावला.

उत्तरेकडील वर्तमानपत्रांत स्मॉल्स यांचे नाव गाजले. संसदेने कायदा करून बक्षीस दिले. त्यांच्या वाट्याला दीड हजार डॉलर आले. पण बक्षीस घेऊन ते स्वस्थ बसले नाहीत. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ते एका धर्मोपदेशकासोबत वॉशिंग्टनला गेले आणि मुक्त झालेल्या गुलामांना सैन्यात घ्यावे अशी मागणी युद्धमंत्री स्टँटन यांच्यापुढे ठेवली. पाच हजारांपर्यंत कृष्णवर्णीय भरती करण्याची परवानगी घेऊनच ते परतले. युद्धात त्यांनी अनेक चकमकींत बोटी चालवल्या. १८६३ च्या अखेरीस प्लँटरवर गोळीबार होताच तिचा गोरा कप्तान कोळशाच्या खोलीत लपला, तेव्हा स्मॉल्स यांनी बोट सुखरूप बाहेर काढली आणि त्यांना कप्तान नेमण्यात आले. तरीही १८६४ मध्ये फिलाडेल्फियात याच वीराला घोड्यांच्या ट्रामगाडीतून उतरवले गेले. गुलामगिरी दक्षिणेत होती, पण वर्णद्वेष उत्तरेतही होता. त्याच शहरात, वयाच्या पंचविशीत, त्यांनी शिक्षक लावून लिहिणे-वाचणे शिकून घेतले.

युद्धकाळात मालकांनी केंद्राचा कर थकवला म्हणून ब्यूफर्टमधील घरे आणि जमिनी लिलावात निघाल्या. ज्या घरामागे जन्म झाला तेच घर स्मॉल्स यांनी विकत घेतले. पुढे त्यांच्या मालकीला आव्हान दिले गेले. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १८७८ मध्ये निकाल स्मॉल्स यांच्या बाजूने लागला. त्या परिसरात शेकडो मुक्त कुटुंबांनीही अशाच लिलावांत जमिनीचे तुकडे घेतले होते. ही जमिनीची गोष्ट आम्ही मुद्दाम सांगत आहोत. पुढे तिचे मोल कळेल.

युद्ध संपले आणि तीन घटनादुरुस्त्या झाल्या. १८६५ च्या तेराव्या दुरुस्तीने गुलामगिरी नष्ट केली. १८६८ च्या चौदाव्या दुरुस्तीने नागरिकत्व आणि कायद्याचे समान संरक्षण दिले. १८७० च्या पंधराव्या दुरुस्तीने वर्णावरून मत नाकारण्यास मनाई केली. परंतु अमेरिकेत निवडणूक घेण्याचे काम केंद्राकडे नाही, राज्यांकडे आहे. प्रत्येक राज्याची स्वतंत्र राज्यघटना असते आणि मतदाराची पात्रता, नोंदणी, मतपत्रिका, मतदारसंघ, मोजणी हे सारे मुख्यतः राज्याच्या कायद्याने ठरते. म्हणून केंद्राच्या दुरुस्त्यांना अर्थ यायचा तर राज्याची सत्ता हाती हवी होती. संसदेने १८६७ मध्ये दक्षिणेत लष्करी देखरेख बसवली आणि कृष्णवर्णीय पुरुषांना मत देऊन राज्यघटना नव्याने लिहायला लावल्या. दक्षिण कॅरोलिनात दहापैकी जवळपास सहा माणसे कृष्णवर्णीय होती. १८६८ च्या तेथील घटनापरिषदेत बहुमत त्यांचेच होते आणि स्मॉल्स तिचे सदस्य होते. त्यांनी मागितले ते सर्व मुलांसाठी मोफत सरकारी शिक्षण. ज्या राज्यात गुलामाला अक्षरे शिकवणे हा गुन्हा होता, त्या राज्याच्या घटनेत सर्वांना खुली शाळा लिहिली गेली. त्या शाळेचा लाभ गरीब गोऱ्यांच्या मुलांनाही झाला, हे गरीब गोरे मात्र लवकरच विसरले.

राज्याच्या दोन्ही सभागृहांत काम केल्यावर स्मॉल्स निवडून आले आणि मार्च १८७५ मध्ये वॉशिंग्टनच्या प्रतिनिधिगृहात त्यांची मुदत सुरू झाली. त्याच्या तीनच दिवस आधी, १ मार्च १८७५ ला, नागरी हक्कांचा कायदा झाला होता. खाणावळी, नाट्यगृहे आणि प्रवासाची साधने यांत वर्णभेद करणे हा त्या कायद्याने गुन्हा ठरवला. बाबासाहेबांनी १९४७ मध्ये ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ लिहिताना आपल्या कलमांसाठी आधार म्हणून १८६६ आणि १८७५ च्या याच अमेरिकन कायद्यांचा उल्लेख केला आहे. पण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८८३ मध्ये तो कायदा रद्द ठरवला. कारण काय दिले? चौदावी दुरुस्ती राज्यांना बांधते, खासगी माणसाला नाही. म्हणजे सरकारने भेदभाव करू नये, पण हॉटेलवाल्याने करायला हरकत नाही! आपल्या घटनेच्या पंधराव्या कलमात दुकाने, हॉटेले, विहिरी, तळी यांचा नावानिशी उल्लेख का आहे आणि सतराव्या कलमाने अस्पृश्यता कोणत्याही स्वरूपात का नष्ट केली, हे १८८३ चा हा निकाल वाचला की अधिक उमगते. तेथे जी पळवाट राहिली, ती येथे आधीच बुजवलेली आहे.

आता १८७६ ची निवडणूक पाहू. तेव्हा लिंकन यांचा रिपब्लिकन पक्ष हा मुक्त गुलामांचा पक्ष होता आणि दक्षिणेतील डेमोक्रॅट हा जुन्या मालकांचा. वर्णाच्या प्रश्नावर हे चित्र पुढे विसाव्या शतकात उलटे झाले. दक्षिण कॅरोलिनात लाल सदरे घातलेल्या गोऱ्यांच्या सशस्त्र टोळ्या फिरू लागल्या. जुलैमध्ये हॅम्बर्ग गावी सहा कृष्णवर्णीयांची हत्या झाली. स्मॉल्स यांनी ती बाब संसदेत मांडली. निवडणुकीच्या दिवशी एजफील्ड काउंटीत मतदारांपेक्षा मतेच जास्त निघाली. राज्यात दोन गव्हर्नर आणि दोन विधिमंडळे आपापला विजय सांगत बसली.

इकडे देशाच्या अध्यक्षपदाचा निकालही अडकला. अमेरिकेत अध्यक्ष थेट जनतेच्या मतांनी ठरत नाही, राज्यागणिक वाटलेल्या निर्वाचक मतांनी ठरतो. डेमोक्रॅट टिल्डन यांना जनतेची मते जास्त होती. निर्वाचक मते मात्र १८४ होती. बहुमताला एक कमी. वीस मते वादात होती, त्यांतली सात दक्षिण कॅरोलिनाची. पंधरा जणांचा आयोग बसला आणि आठ विरुद्ध सात अशा मतांनी सगळी वीस मते रिपब्लिकन हेज यांच्या पदरात पडली. हेज १८५ विरुद्ध १८४ असे अध्यक्ष झाले. पण पडद्याआड वाटाघाटी चालल्या होत्या. एप्रिल १८७७ मध्ये हेज यांनी दक्षिण कॅरोलिनाच्या राजधानीतील विधानभवनावरून केंद्राचे सैनिक हटवले आणि त्याच दिवशी रिपब्लिकन गव्हर्नरांनी आपला दावा सोडला. अध्यक्षपद रिपब्लिकनांना, दक्षिण मालकवर्गाला. या व्यवहारात ज्यांची मते होती, त्यांना कोणी विचारले नाही. मुक्तिदाता म्हणून ज्या पक्षावर भिस्त ठेवली, त्याच पक्षाने वेळ येताच सौदा केला.

राज्य हाती येताच नव्या सत्ताधाऱ्यांनी नेत्यांवर खटले भरले. राज्य सिनेटमध्ये असताना छपाईच्या कंत्राटात पाच हजार डॉलर लाच घेतल्याचा आरोप स्मॉल्स यांच्यावर ठेवला गेला आणि १८७७ मध्ये तीन वर्षांची शिक्षा झाली. त्या काळात भ्रष्टाचार नव्हता असे आम्ही म्हणणार नाही. तो दोन्ही पक्षांत आणि दोन्ही वर्णांत होता. पण खटल्याचा शेवट कसा झाला ते पाहावे. केंद्राने डेमोक्रॅट कार्यकर्त्यांवरील निवडणूक गुन्ह्यांचे खटले सोडले आणि १८७९ मध्ये गव्हर्नरांनी स्मॉल्स यांना माफी दिली. ज्यांना न्याय करायचा असतो ते असा विनिमय करत नाहीत. तो खटला एका नेत्याला बदनाम करून त्याच्या मागचा समाज खचवण्यासाठी होता.

समाज खचला नाही. १८७८ मध्ये स्मॉल्स हरले. १८८० मध्येही हरल्याचे जाहीर झाले, पण त्यांनी दाद मागितली. अमेरिकेत सदस्याची निवड खरी की खोटी हे शेवटी सभागृह स्वतः ठरवते. जुलै १८८२ मध्ये सभागृहाने पुरावे पाहून जागा त्यांना दिली. म्हणून मग विरोधकांनी गुंडगिरीपेक्षा जास्त खात्रीचे हत्यार काढले. ते म्हणजे नियम.

१८८२ मध्ये राज्याने मतदारसंघ नव्याने आखले. कृष्णवर्णीय वस्त्या वेड्यावाकड्या रेषांनी जोडून त्यांचा एकच लांबलचक मतदारसंघ केला. एक जागा त्यांना दिली, बाकी सगळ्या निर्धोक करून घेतल्या. त्याच वर्षी आठ पेट्यांचा कायदा आला. प्रत्येक पदासाठी वेगळी पेटी. चुकीच्या पेटीत पडलेली मतपत्रिका बाद. पेटीवरचे नाव वाचता येत नसेल त्याने कोणाला विचारायचे? पेट्या सांभाळणारे अधिकारी सत्ताधाऱ्यांचे. पेट्यांच्या जागाही ते मधूनच बदलत. कायद्यात वर्णाचा एक शब्द नाही! पंधरावी दुरुस्ती जशीच्या तशी आणि मत मात्र कचऱ्यात. १८८६ मध्ये स्मॉल्स पुन्हा हरल्याचे जाहीर झाले. त्यांनी पुन्हा तक्रार केली, पण या वेळी सभागृहाने ती फेटाळली.

शेवटचा घाव १८९५ मध्ये पडला. काळ्यांचे मत कायमचे संपवण्यासाठी बेंजामिन टिलमन या गोऱ्या पुढाऱ्याने नवी घटनापरिषद भरवली. १६० सदस्यांत कृष्णवर्णीय फक्त सहा, त्यांतले पाच ब्यूफर्टचे. त्यांत छप्पन्न वर्षांचे स्मॉल्स होते. नवे नियम पाहा: राज्यात दोन वर्षे वास्तव्य, सहा महिने आधी भरलेला डोईकर, आणि घटनेचे कलम वाचता येणे किंवा वाचून दाखवल्यावर समजणे. समजले की नाही हे ठरवणार गोरा नोंदणी अधिकारी. अडाणी गोऱ्याला सगळे समजे, शिकलेल्या काळ्याला काहीच समजत नसे.

स्मॉल्स उभे राहून लढले. परिषद काळ्या-गोऱ्यांच्या विवाहांवर बंदी घालत होती, तेव्हा त्यांनी दुरुस्ती सुचवली की, कृष्णवर्णीय स्त्रीशी संबंध ठेवणाऱ्या गोऱ्या पुरुषाला कोणतेही सरकारी पद मिळू नये आणि तिच्या मुलाला बापाचे नाव मिळावे. सभागृहाची दातखीळ बसली. दुरुस्ती अर्थातच फेटाळली गेली. अखेरीस त्यांनी त्या घटनेवर सही करण्यास नकार दिला. सही न करणाऱ्याला प्रवासखर्च मिळणार नाही असे सुनावले गेले, तेव्हा सही करण्यापेक्षा आपण घरापर्यंत चालत जाऊ, असे त्यांनी बजावले.

आता तो जुना हिशेब पुन्हा पाहा. गुलाम मुक्त झाल्यावर पाचास तीन ही मोजणी गेली आणि प्रत्येक कृष्णवर्णीय पूर्ण माणूस म्हणून मोजला जाऊ लागला. म्हणजे दक्षिणेच्या जागांचा आधार वाढला, आणि त्यांचे मत काढून घेतल्यावर तो सारा फायदा गोऱ्यांना मिळाला. चौदाव्या दुरुस्तीत यावर उपाय लिहिलेला होता: पुरुषांचे मत नाकारणाऱ्या राज्याच्या जागा त्या प्रमाणात कमी कराव्यात. तो उपाय एकदाही अमलात आला नाही. १९१० च्या जनगणनेतही दक्षिण कॅरोलिनात कृष्णवर्णीय बहुसंख्य होते, पण संसदेत त्यांचा एकही माणूस नव्हता. बहुसंख्य असणे म्हणजे सत्ता असणे नव्हे, हे याहून स्पष्ट कोठे दिसणार?

स्मॉल्स पुढे ब्यूफर्ट बंदरावर जकात कलेक्टर होते. ही नेमणूक अध्यक्षांच्या मर्जीवर असे. काही वर्षांचा खंड सोडता १९१३ पर्यंत ते त्या पदावर होते आणि अध्यक्ष विल्सन आल्यावर ते पद गेले. २३ फेब्रुवारी १९१५ रोजी त्यांनी विकत घेतलेल्या त्याच घरात त्यांचा अंत झाला. त्या दिवसांत बाबासाहेब न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकत होते.

स्मॉल्स यांची चूक कोणती? आमच्या मते, त्यांनी आयुष्यभर एकाच पक्षावर निष्ठा ठेवली आणि त्या पक्षाने त्या निष्ठेची किंमत १८७७ मध्येच बाजारात लावली होती. आणि त्यांचे बळ कोणते? राज्यभर काळ्यांचे मत संपत असताना १८९५ च्या परिषदेत ब्यूफर्टहूनच पाच जण कसे आले? कारण तेथील लोकांकडे स्वतःची जमीन होती. ज्याची चूल मालकाच्या शेतावर अवलंबून नाही, त्याचे मत मालकाला सहज दडपता येत नाही.

१९६५ च्या मताधिकार कायद्याने केंद्राने पुन्हा हात घातला. ज्या राज्यांचा इतिहास वाईट, त्यांना निवडणुकीचे नियम बदलण्याआधी केंद्राची परवानगी घ्यावी लागू लागली. १९९३ मध्ये दक्षिण कॅरोलिनातून कृष्णवर्णीय प्रतिनिधी संसदेत परतला; शतक जवळजवळ संपत आले होते. पण २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्ये ठरवण्याचे सूत्र रद्द केले आणि ती परवानगी निष्प्रभ झाली. ज्या मतदारसंघात ब्यूफर्ट येते, त्यातून चार्ल्सटन भागातले सुमारे तीस हजार कृष्णवर्णीय मतदार नव्या रेषांनी बाहेर काढले गेले. खालच्या न्यायालयाला त्यात वर्णभेद दिसला. मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी सांगितले की, हा वर्णाचा नव्हे, पक्षाचा हिशेब आहे. त्याच २०२४ साली स्मॉल्स यांचा पुतळा विधानभवनाच्या आवारात उभारण्याचा कायदा त्या राज्याने केला. तेथे टिलमनचा पुतळा १९४० पासून उभा आहे. पुतळा द्यायचा आणि रेषा आपल्या हाती ठेवायच्या, ही रीत आपल्या वाचकांना वेगळी समजावून सांगायला नको.

१५ जून १९४९ रोजी बाबासाहेबांनी संविधान सभेत निवडणूक आयोगाचे कलम मांडले. प्रांतांच्या हाती निवडणुका ठेवण्याची मूळ योजना त्यांनी बदलली, कारण काही प्रांतांत वेगळ्या वंशाच्या आणि भाषेच्या लोकांना मतदारयादीतून वगळले जात असल्याचे त्यांना कळले होते. ३२४ व्या कलमाने निवडणुकीचे यंत्र देशासाठी एकाच आयोगाकडे गेले. ३२५ व्या कलमाने धर्म, वंश, जात, लिंग यांवरून यादीतून वगळण्यास मनाई केली. ३२६ व्या कलमाने प्रौढ मताधिकार दिला. अमेरिकेला जे दीडशे वर्षांत जमले नाही, ते आपल्याला घटनेच्या जन्माबरोबर मिळाले.

पण कलम स्वतःहून पहारा देत नाही. आम्ही मत कोणाला द्यावे यावर रात्र रात्र वाद घालतो आणि यादीत आपले नाव आहे की नाही हे मतदानाच्या दिवशी पाहायला जातो. सीमा आखल्या जातात तेव्हा हरकत नोंदवायला आमच्यातले किती जण जातात? मोजणीच्या टेबलावर आमचा माणूस किती वेळ बसतो? स्मॉल्स यांच्या लोकांकडे संख्या होती, शौर्य होते, घटनेची तीन कलमे होती. पेटी मात्र दुसऱ्याच्या हातात होती.